शब्द मोजणारी आज्ञा : एक परीक्षण

‘सुमारे दीडशे शब्दांत निबंध लिहा’ ही सूचना प्रश्नपत्रिकेत इतक्या वेळा छापली जाते की तिचा अर्थ काय, असा प्रश्न कोणाला पडत नाही. ‘आई-वडील’ हा एक शब्द की दोन? ‘शाळेसमोर’ एक आणि ‘शाळेच्या समोर’ दोन, मग पहिले लिहिणाऱ्या मुलाने कमी मजकूर लिहिला असे समजायचे का? हाताने मोजताना आपण असे प्रश्न अंदाजाने निभावून नेतो. संगणकाला अंदाज चालत नाही. त्याला आधी व्याख्या द्यावी लागते आणि मग तो त्या व्याख्येला अखेरपर्यंत चिकटून राहतो. म्हणूनच शब्द मोजणाऱ्या एका लहानशा आज्ञेचे परीक्षण येथे करायचे आहे. ती आज्ञा म्हणजे युनिक्स आणि त्याच्या वंशातल्या लिनक्ससारख्या प्रणालींमधली ‘डब्ल्यूसी’. ही दोन अक्षरे म्हणजे ‘शब्दमोजणी’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत.

एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे आज्ञेचे करायचे, हे प्रथम विचित्र वाटेल. पण प्रोग्रॅम हीसुद्धा कोणीतरी विचार करून लिहिलेली कृती असते. तिच्यामागे काही हेतू असतो, काही गृहीतके असतात. शिवाय ही कृती पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहे. तिची गुणदोषचर्चा करायला तेवढे कारण पुरेसे आहे.

जन्म आणि हेतू

युनिक्स प्रणालीचे काम अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झाले. पुढे तिला नवा संगणक मिळाला तो मजकूर लिहिण्याच्या आणि छापण्याच्या कामासाठी. प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला अर्जांचे मसुदे तयार करायला एक साधन हवे होते. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच ‘डब्ल्यूसी’ सापडते. थोडक्यात, लेखन करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून ही आज्ञा लिहिली गेली.

त्या पुस्तिकेत तिच्या वर्णनात एक शब्द कंसात टाकलेला आहे. ही आज्ञा ‘(इंग्रजी) शब्दांची’ मोजणी करते, असे तिथे म्हटले होते. पुढे १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीची पुस्तिका आली तेव्हा तो कंस नाहीसा झाला होता आणि नुसती ‘शब्दमोजणी’ उरली होती. या गळून पडलेल्या कंसाकडे आपण पुन्हा वळू.

आज्ञेचा वापर अगदी सोपा आहे. आज्ञेच्या ओळीवर ‘डब्ल्यूसी’ लिहायचे, पुढे फाईलचे नाव द्यायचे आणि एंटरची कळ दाबायची. पडद्यावर तीन आकडे येतात : ओळी, शब्द आणि बाइट. पाठोपाठ फाईलचे नाव येते. फक्त ओळी हव्या असतील तर ‘-एल’, फक्त शब्द हवे असतील तर ‘-डब्ल्यू’, बाइट हवे असतील तर ‘-सी’ अशी खूण जोडायची. नंतरच्या काळात ‘-एम’ ही खूण आली. ती बाइटऐवजी चिन्हे मोजते. दोहोंत फरक काय, ते पुढे येईलच.

गुण : साधेपणा

ही आज्ञा शब्द कशी मोजते? पहिला सुचणारा उपाय म्हणजे मोकळ्या जागा मोजून त्यांत एक मिळवायचा. पण दोन शब्दांमध्ये चुकून दोन जागा सुटल्या की हा हिशेब बिघडतो. ओळीच्या सुरुवातीला जागा सोडली तरी बिघडतो. रिकाम्या फाईलमध्ये तर तो एक शब्द दाखवतो!

‘डब्ल्यूसी’ची युक्ती वेगळी आहे. ती एकेक चिन्ह वाचत जाते आणि एवढेच लक्षात ठेवते की आपण या क्षणी शब्दाच्या ‘आत’ आहोत की ‘बाहेर’. मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट आला की ‘बाहेर’. दुसरे काही आले की ‘आत’. बाहेरून आत जाताना, फक्त त्याच वेळी, गणती एकाने वाढते. मग मध्ये दहा जागा सुटल्या तरी काही बिघडत नाही. कर्निघन आणि रिची यांच्या ‘सी’ भाषेवरील १९७८ च्या प्रसिद्ध पुस्तकात सुरुवातीच्या उदाहरणांमध्येच हा प्रोग्रॅम आहे, तो उगीच नव्हे. स्मरणात फक्त एक खूण ठेवून कितीही मोठा मजकूर मोजता येतो, हे विद्यार्थ्याला दाखवण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. वर्गात संगणक नसला तरी हा खेळ खेळता येतो : एका मुलाने फळ्यावरची अक्षरे एकेक करून वाचायची, दुसऱ्याने ‘आत’ असताना हात वर आणि ‘बाहेर’ असताना खाली ठेवायचा, आणि तिसऱ्याने हात किती वेळा वर गेला ते मोजायचे.

दुसरा गुण जोडणीचा. डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ साली केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय केली. तिच्यामुळे एका आज्ञेतून निघालेला मजकूर सरळ दुसरीत सोडता येतो. समजा, हजेरीच्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीवर एका मुलाचे नाव आणि पुढे ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ असे लिहिले आहे. ‘ग्रेप’ या आज्ञेने ‘गैरहजर’ असलेल्या ओळी निवडायच्या आणि त्या ‘डब्ल्यूसी -एल’कडे सोडायच्या. गैरहजर मुलांचा आकडा समोर येतो. शब्द मोजणारी आज्ञा मुलेही मोजू लागली!

तिचे उत्तर म्हणजे नुसते कोरडे आकडे असतात. कोणता ओळींचा, कोणता शब्दांचा हे ती सांगत नाही, अशी तक्रार नवशिके करतात. तक्रार खरी आहे, पण उत्तराची ही कोरडी मांडणीच पुढच्या प्रोग्रॅमला सोयीची पडते. आकड्यांपुढे एकके लिहिली असती तर ती आधी पुसावी लागली असती. हा दोष मी धरत नाही.

ओळ म्हणजे काय?

‘डब्ल्यूसी’च्या लेखी ओळ म्हणजे पडद्यावर दिसणारी ओळ नव्हे. फाईलमध्ये एंटर दाबल्याची जी खूण उमटते तिला आपण ‘ओळखूण’ म्हणू. ही आज्ञा फक्त अशा ओळखुणा मोजते. त्यामुळे एंटर न दाबता टंकलेला दहा ओळींचा परिच्छेद तिच्या दृष्टीने एकच ओळ असतो. तीन ओळींची कविता लिहून शेवटी एंटर दाबायचे राहिले तर उत्तर दोन येते. जुन्या मॅकिन्टॉश संगणकांवर ओळीच्या शेवटी वेगळेच चिन्ह वापरले जाई. तिथली मोठी फाईलही या आज्ञेला शून्य ओळींची दिसते.

हा दोष आहे का? वरवर पाहता आहे. पण गणित शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून पाहावी. दोन फाईली वेगवेगळ्या मोजून आकड्यांची बेरीज केली काय किंवा त्या एकापुढे एक जोडून मोजल्या काय, ओळींचा आकडा सारखाच येतो. खुणा मोजल्या असल्यामुळे तो तसा येणारच. याउलट ‘दिसणाऱ्या’ ओळी मोजल्या तर ही हमी राहत नाही. शेवटी खूण नसलेली एक ओळ आणि तशीच दुसरी एक ओळ जोडली तर दोन नव्हे, एकच ओळ दिसते. वजन किंवा लांबी मोजताना तुकड्यांची बेरीज संपूर्णाइतकी यावी अशी आपली अपेक्षा असते. ओळींच्या बाबतीत ‘डब्ल्यूसी’ने ती पाळली आहे, आणि त्यासाठी डोळ्यांना खटकणारी व्याख्या पत्करली आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र ती हमी तिलाही देता येत नाही. एक फाईल ‘शा’ने संपली आणि दुसरी ‘ळा’ने सुरू झाली तर एक अधिक एक बरोबर एक!

शब्द म्हणजे काय?

खरा वाद येथे आहे. या आज्ञेच्या मते दोन मोकळ्या जागांमध्ये जे काही असेल तो शब्द. म्हणून ‘आईवडील’ एक, ‘आई-वडील’ एक आणि ‘आई वडील’ दोन. दोन्ही बाजूंना जागा सोडून आडवी रेघ दिली तर ती रेघही एक शब्द. ओवीच्या शेवटी दोन दंड, मग क्रमांक, मग पुन्हा दोन दंड असे सुटे लिहिले तर एकाच क्रमांकापायी तीन शब्द वाढतात.

या झाल्या किरकोळ गोष्टी. त्यांची टक्केवारी लहान असते आणि त्या सोडून देता येतात. पण पुढील वाक्य पाहा :

मुलांच्या दप्तरातली पुस्तके टेबलावर ठेवली.

एवढेच वाक्य एका फाईलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवून शेवटी एंटर दाबला, तर ‘डब्ल्यूसी’ १, ५, ११७ असे आकडे देते : एक ओळ, पाच शब्द, एकशे सतरा बाइट. आता हेच वाक्य साध्या इंग्रजीत लिहा. ‘त’, ‘वर’ यांची कामे करणारे शब्द तिथे सुटे येतात, उपपदे सुटी येतात, साहाय्यक क्रियापद सुटे येते. आकडे येतात १, ११, ५६. शब्दांकडे पाहिले तर मराठी मजकूर इंग्रजीच्या निम्म्याहूनही कमी ठरतो. बाइटकडे पाहिले तर तोच मजकूर दुपटीहून अधिक भरतो. सांगितलेली गोष्ट तर तीच आहे! यातला कोणताही आकडा चुकीचा नाही. फक्त ‘किती मजकूर आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकानेही दिलेले नाही.

बाइटचे कारण सोपे आहे. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय ‘चिन्ह’ म्हणजे आपले अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा समजतो : वि, द्या, र्थी. संगणकात तो दहा चिन्हांचा आणि तीस बाइटचा असतो. वरच्या वाक्यासाठी ‘-एम’ खूण वापरली तर जागा, पूर्णविराम आणि ओळखूण धरून ४३ चिन्हे मिळतात. अक्षरे मोजायची तर ती बोटांवरच मोजावी लागतात. ती १९ भरतात.

शब्दांचे कारण भाषेच्या घडणीत आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि बहुतेक शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द. आणि ‘शाळा, शाळेत, शाळेतून, शाळेला’ हे मोजणीच्या यंत्राला चार अनोळखी शब्द. इंग्रजीत नाम फारसे बदलत नाही, म्हणून मोकळ्या जागेची व्याख्या तिथे बरीचशी चालून जाते. पहिल्या पुस्तिकेतला तो कंस प्रामाणिक होता. तो काढला तेव्हा प्रोग्रॅमची व्याप्ती वाढली नाही. वाढला तो फक्त दावा.

आपल्याकडे मोकळी जागा हा शब्दाचा आधार नव्हताच. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. जुन्या पोथ्यांतही अक्षरे सलग लिहिलेली आढळतात. अशी पोथी जशीच्या तशी संगणकात उतरवली तर ‘डब्ल्यूसी’ प्रत्येक ओळीला जेमतेम एखादा शब्द देईल. पण म्हणून आपले लेखक मजकूर मोजत नव्हते असे नाही. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक हे माप धरून ग्रंथाचा विस्तार सांगण्याची आणि नकलकारांच्या कामाचा हिशेब ठेवण्याची परंपरा होती. मजकूर गद्य असला तरी हेच माप चाले. शब्द कुठे तोडायचा या वादात न पडणारे हे एकक होते. दोन नकलकारांनी एकाच पोथीच्या जागा वेगवेगळ्या सोडल्या तरी अक्षरांची संख्या बदलत नसे.

संगणकाला मात्र हे अक्षर ओळखायला फार काळ लागला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. मजकूर वाचकाला एकसंध वाटणाऱ्या घटकांत तोडण्याचे तिचे नियम नंतर आले, आणि त्यांत देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याआधी त्या नियमांनुसार ‘क्ष’चे दोन तुकडे होत. ‘डब्ल्यूसी’मध्ये तर अक्षरे मोजण्याची खूणच नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने हीच तिची सर्वांत मोठी उणीव.

एक जुना वाद

मजकुरातले शब्द मोजण्यावरून संगणकशास्त्रात एक गाजलेले परीक्षण होऊन गेले आहे. जॉन बेंटली यांच्या सदरात, जून १९८६ मध्ये. एखाद्या फाईलमध्ये सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द त्यांच्या संख्येसह छापा, असा प्रश्न होता. डोनाल्ड क्नूथ यांनी त्यासाठी एक प्रोग्रॅम निबंधासारखा, स्पष्टीकरणासह लिहिला आणि त्यासाठी शब्द साठवण्याची एक खास रचनाही योजली. परीक्षक होते मॅकइलरॉय. त्यांनी क्नूथ यांच्या कारागिरीची मनापासून वाखाणणी केली. मग तेच काम सहा तयार आज्ञा पाइपने जोडून करून दाखवले : अक्षरांखेरीज सर्व काही ओळखुणांत बदला, मोठी लिपी लहान करा, क्रम लावा, सारखे शब्द एकत्र करून मोजा, संख्येनुसार उलटा क्रम लावा, हव्या तेवढ्या ओळी छापून थांबा.

हा वाद साधारणपणे ‘मोठा प्रोग्रॅम विरुद्ध लहान आज्ञा’ असा सांगितला जातो. मराठी वाचकाने त्यात आणखी एक प्रश्न घालावा. मॅकइलरॉय यांच्या पहिल्याच आज्ञेत ‘अक्षर’ म्हणजे इंग्रजी वर्णमाला, असे उघड लिहिलेले आहे. तिच्यात देवनागरी मजकूर सोडला तर सगळी अक्षरे ओळखुणांत विरघळतात आणि सर्वाधिक वापरलेला शब्द म्हणून एक कोरी ओळ छापून येते, संख्या एक! हे अपयश मोठे आहे, पण ते डोळ्यांना दिसते. कोणीही शिक्षक त्या कोऱ्या ओळीवर विश्वास ठेवणार नाही. ‘डब्ल्यूसी’ मात्र मराठीसाठी एक सभ्य, पटण्याजोगा आकडा देते. तो आकडा कोणी तपासत नाही. मोजमापाच्या साधनाचा धोका अशा वेळी जास्त असतो. काटा तुटलेला तराजू कोणी वापरत नाही. थोडासा कलता तराजू मात्र वर्षानुवर्षे दुकानात राहतो.

शाळेशी याचा संबंध

संबंध सरळ आहे. पाठ्यपुस्तकातला धडा किती अवघड आहे हे आकड्यांत सांगण्याचे प्रयत्न जुने आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र प्रसिद्ध आहे. त्यात दर वाक्यामागे शब्द किती आणि दर शब्दामागे उच्चारखंड किती, यांवरून इंग्रजी मजकुराची सुलभता काढतात. हे सूत्र उचलून मराठी धड्याला लावले तर काय होईल? आपल्या उदाहरणात पाच शब्दांत एकोणीस अक्षरे आहेत. शब्द लांब म्हणून मजकूर अवघड, असा निष्कर्ष निघेल. वस्तुतः ते वाक्य तिसरीच्या मुलालाही कळेल. इथे लांबी आली आहे ती प्रत्ययांमुळे; अवघड शब्दांमुळे नव्हे. यंत्राने काढलेल्या अशा आकड्यावरून कोणी धडा गाळायचा किंवा ठेवायचा असे ठरवले, तर चुकीचा निर्णय शास्त्रीय आकड्याच्या वेषात येईल, आणि त्याला विरोध करणे शिक्षकाला जड जाईल.

म्हणून माझे मत असे की वर्गात ही आज्ञा जरूर शिकवावी, पण हाताने मोजल्यानंतर. प्रथम एकच परिच्छेद चार गटांना द्यावा. एका गटाने मोकळ्या जागांवरून शब्द मोजावेत. दुसऱ्याने प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये सुटी धरून मोजावेत. तिसऱ्याने अक्षरे मोजावीत, आणि अन्त्य हलन्त अक्षर धरायचे की नाही हे आधी ठरवून घ्यावे. चौथ्याने वाक्ये मोजावीत. चारही आकडे फळ्यावर मांडावेत. मगच तो परिच्छेद संगणकाला द्यावा आणि त्याचे उत्तर कोणत्या गटाशी जुळते ते मुलांनाच शोधू द्यावे. यंत्राने कोणती व्याख्या धरली आहे ते त्यांना आपोआप कळेल.

हीच खबरदारी ‘ग्रेप’बरोबर वापरतानाही घ्यावी. एखाद्या धड्यात ‘पाणी’ किती वेळा आले हे पाहण्यासाठी त्या ओळी निवडून मोजल्या, तर एका ओळीत दोनदा आलेले ‘पाणी’ एकदाच मोजले जाते आणि ‘पाण्यात’ तर सुटूनच जाते.

एकंदरीत, ‘डब्ल्यूसी’ ही नेटकी, टिकाऊ आणि आपल्या व्याख्येशी इमान राखणारी आज्ञा आहे. एकाच लेखकाच्या मराठी मजकुराची कालच्याशी तुलना करायला, हजेरीच्या किंवा गुणांच्या याद्या मोजायला, फाईल अर्धवट तर उतरली नाही ना हे पाहायला ती निर्धोक आहे. दोन भाषांची तुलना करायला, धड्याची काठिण्यपातळी ठरवायला किंवा मुलाने किती विचार मांडला हे मापायला तिचा उपयोग करू नये. आणि प्रश्नपत्रिकेत ‘दीडशे शब्दांत’ असे छापायचेच असेल तर ‘जोडून लिहिलेला मजकूर एक शब्द धरावा’ एवढी एक ओळ सोबत छापावी. शब्दयोगी अव्यये जोडून, शुद्ध लिहिणाऱ्या मुलाचे त्यामुळे नुकसान होणार नाही.